नुसत्या नावावर उघडणारं दार

आईचा रिपोर्ट घरी पोचायच्या आधी चाळीत पोचला होता.

मी तेव्हा आठवीत होते. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आमची एक खोली. बाबा सातिवलीच्या गोडाऊनमध्ये माल चढवायचे-उतरवायचे, आणि आई तिथल्याच एका गाळ्यात कंगव्यांच्या पॅकिंगला होती. तिचा खोकला तीन आठवडे झाले तरी जाईना, म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो आणि बेडक्याची तपासणी सांगितली. रिपोर्ट शनिवारी मिळणार होता. शनिवारी आईची सुट्टी नव्हती.

समोरच्या खोलीतल्या वहिनी त्यांच्या मुलीचा रक्ताचा रिपोर्ट आणायला त्याच लॅबमध्ये गेल्या. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "मनवेलपाड्याला जाताय ना? मग ह्यांचा पण घेऊन जा." त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. आमच्याकडे पद्धतच तशी. जो जाईल त्याने सगळ्यांचं आणायचं. गॅसचं पुस्तक असो, रेशन असो, शाळेचा निकाल असो. नाव सांगितलं की मिळायचं.

पाकीट चिकटवलेलं नव्हतं. वहिनींनी वाचलं, त्यांना इंग्रजी नीट समजलं नाही म्हणून त्यांनी शेजारच्या कॉलेजवाल्याला दाखवलं, आणि संध्याकाळी आई कामावरून आली तेव्हा चाळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की तिला टीबी आहे. फक्त तिलाच माहीत नव्हतं.

नंतरचे सहा महिने आईने एकही गोळी चुकवली नाही. बरी झाली, ठणठणीत. पण नळावर तिचा हंडा लागला की मागचा हंडा हातभर लांब सरकायचा, तो सरकतच राहिला. गाळ्यातल्या सुपरवायझरने "ताई, थोडे दिवस आराम करा, मी निरोप पाठवतो" असं सांगितलं होतं. तो निरोप आजपर्यंत आलेला नाही. आई घरी बसून इमिटेशन दागिन्यांच्या माळा ओवायला लागली. तिला बसून काम करायची सवय नव्हती. पाठ दुखायची, पण बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "आजार माझा होता गं. मला विचारून तरी सांगायचा."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. बारावीनंतर काय शिकतात हे आईबाबांना माहीत नव्हतं, मलाही फारसं नव्हतं. कम्प्युटरच्या डिग्रीचा फॉर्म भरताना बाबांनी एकच विचारलं होतं, "हे बसून करायचं काम आहे ना?" मी हो म्हटल्यावर त्यांनी सही केली.

डिग्रीनंतर मला नोकरी लागली तीही सातिवलीतच. बाबांचं गोडाऊन मागच्या गल्लीत. फरक एवढाच की मी जिन्याने वर जायचे. कंपनी छोटी. वसईपासून डहाणूपर्यंतच्या बारीकसारीक लॅबचे एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट आम्ही जपून ठेवायचो. कित्येक लॅबनी जुने कागदसुद्धा पोत्यांत भरून आणून दिले होते, ते स्कॅन करून ठेवलेले. हे सगळं बारा मशीनवर होतं, आणि ती बारा मशीन एका थंडगार खोलीत घरघरत असायची.

त्या खोलीचे मालक म्हणजे अंकल. कागदोपत्री मालक वेगळे, ते केबिनमध्ये बसायचे, त्यांना आम्ही सर म्हणायचो. पण मशीनची खोली अंकलची. वसई पश्चिमेच्या एका ख्रिस्ती गावातले, साठीला टेकलेले, उमेदीची सगळी वर्षं टेलिफोनच्या केबल जोडण्यात गेलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला आत नेलं आणि विचारलं, "तुझा घरचा कम्प्युटर फाइल कुठे ठेवतो?"

"डिस्कवर."

"माझा एका जागी ठेवतच नाही. मोठी फाइल आली की तिचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याच्या तीन कॉपी, तीन वेगळ्या मशीनवर. कुठला तुकडा कुठे आहे हे एकट्या त्या कोपऱ्यातल्याला माहीत." कोपऱ्यातल्या मशीनकडे त्यांनी हनुवटी उडवली. "तुला ह्यातलं कुठलं मशीन आवडत नाही?"

मला वाटलं थट्टा आहे. मी सातव्याकडे बोट दाखवलं, ते जास्त खडखडत होतं. अंकलनी सरळ जाऊन त्याची वायर उपटली.

"अंकल!"

"ओरडू नको. स्क्रीन बघ."

स्क्रीनवर कोणाच्या तरी पोटाचा सीटी स्कॅन उघडा होता. त्यांनी तो बंद करून पुन्हा उघडायला लावला. उघडला. एक ठिपकासुद्धा कमी नव्हता.

"आता उभी राहा इथे. दहा मिनिटं ही बाकीची त्याची वाट बघतात. आला तर आला. नाही आला तर मेला समजून कामाला लागतात."

मी उभी राहिले. दहा-साडेदहा मिनिटांनी उरलेल्या मशीनचे दिवे भराभर लुकलुकायला लागले. मेलेल्या मशीनवर जे जे होतं, त्याच्या दुसऱ्या कॉपी शोधून ती मशीन आपापसात पुन्हा तिसरी कॉपी तयार करत होती. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बटण दाबलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. थंडीचा नाही. बाबांच्या गोडाऊनमध्ये एक खोका पडला तर तासभर आरडाओरडा चालायचा, आणि इथे एक अख्खं मशीन गेलं तरी बाकीच्यांनी हूं की चूं न करता त्याचा भार उचलला होता.

"बघत काय बसलीस?" अंकल म्हणाले. "मला सहा वर्षं झाली, मी पण अजून बघतो."

कंपनीत सहाएक महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. तोपर्यंत लॅबना रिपोर्ट हवा असला की आम्ही शोधून पाठवायचो. सरांनी ठरवलं की आता प्रत्येक लॅबला एक लिंक द्यायची, त्यांनी ब्राउझरमधून आपापलं उघडायचं. चार-पाच लॅबवर महिनाभर ट्रायल चालू होती. पुढच्या सोमवारी सगळ्यांना लिंक जाणार होती. मला त्यातलं काही करायचं नव्हतं, फक्त फोन घ्यायचे होते.

शनिवारी सकाळी ट्रायलमधल्या एका लॅबवाल्याचा फोन आला. "मॅडम, एक नंबर चाललंय तुमचं. पासवर्डची कटकट पण नाय."

मी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि मग हात फोनवरच राहिला. पासवर्ड नाही म्हणजे काय?

लिंक उघडून पत्ता नीट वाचला. पत्त्याच्या शेवटी त्या लॅबचं नाव होतं. मी ते खोडून दुसऱ्या लॅबचं टाकलं. दुसऱ्या लॅबचे रिपोर्ट उघडले. मग ते खोडून आमच्या सिस्टीमच्या मुख्य युजरचं नाव टाकलं. सगळंच उघडलं. मशीन विचारत होतं, तू कोण? समोरचा सांगेल ते खरं मानत होतं. भरीस भर म्हणजे, फाइल मागितली की कोपऱ्यातलं मशीन म्हणायचं, तुझा तुकडा अमुक मशीनवर आहे, तिकडे जा, आणि त्या मशीनचा पत्ता हातात द्यायचं. तुकडे करून, तीन-तीन कॉपी ठेवून, इतक्या हुशारीने जपलेली वस्तू, आणि दारावरचा भोळा.

मग मी ते केलं जे करायला मला भीती वाटत होती. खाली टपरीवर गेले, ऑफिसचं नेट सोडून माझ्या मोबाइलच्या नेटवर तीच लिंक उघडली, आईचा रिपोर्ट जिथला होता त्या लॅबचं नाव टाकलं, साल शोधलं आणि आईचं नाव टाकलं. टपरीवर लोक वडापाव खात होते. माझ्या हातात आईचा कागद उघडला. नाव, वय, पत्ता आणि खाली ते ठळक अक्षरातलं 'पॉझिटिव्ह'.

आई आता चंदनसारच्या टॉवरमध्ये तीन घरी स्वयंपाक करत होती. माळा सोडून ती पुन्हा ताठ चालायला लागली होती. त्या घरांतल्या कोणाला हे कळलं असतं तर? स्वयंपाकाच्या बाईला टीबी होता, यातलं 'होता' कोणी ऐकून घेत नाही. सोमवारपासून ही लिंक जिल्हाभर जाणार होती.

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले.

"अगं, पण नाव कोणाला माहीत असणार?" सर म्हणाले.

"सर, नावच तर सगळ्यांना माहीत असतं."

त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघितलं. मी सांगितलं ते नाव टाकलं. सगळे रिपोर्ट समोर उघडले. ट्रायलची लिंक त्यांनी तिथल्या तिथे बंद करायला लावली. "सोमवारचं पुढच्या सोमवारवर ढकलतो. तू आणि अंकल करा. पण ऐक, लॅबवाले वैतागले नाही पाहिजेत."

आठ दिवस मिळाले. मी कॉलेजच्या वह्या काढल्या, नेटवर वाचलं, पुन्हा वाचलं. उपाय होता, लोक वापरतही होते, पण डोक्यात शिरत नव्हता. दोन मशीन एकमेकांना ओळखत नाहीत, मध्ये एक तिसरं मशीन बसतं, ते तिकीट देतं, आणि पासवर्ड मात्र कधीच तारेवरून जात नाही. हे कसं शक्य आहे? पासवर्ड सांगितलाच नाही तर तो बरोबर आहे हे कळणार कसं?

अंकल डब्यातलं सुकेळं, म्हणजे वसईचं वाळवलेलं केळं, खात ऐकत होते. "तुमच्यात लग्नाला काय लागतं?"

"पत्रिका."

"आमच्यात चिठ्ठी लागते. समज, मुलगी दुसऱ्या धर्मग्रामातली, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीतली. तिथला फादर मला ओळखत नाही. मी जाऊन म्हटलं, मी चांगला मुलगा आहे, कुठे लग्न झालेलं नाही, तर तो विश्वास ठेवेल? नाही. मला आमच्या फादरची चिठ्ठी न्यावी लागते. तिकडचा फादर मला ओळखत नाही, पण आमच्या चर्चचा शिक्का ओळखतो."

"पण तुमच्या फादरला तुम्ही खरे तुम्हीच हे कसं कळतं?"

"त्याने माझा बाप्तिस्मा केला, बाई! तो मला ओळखणार नाही तर कोण ओळखणार?"

बाप्तिस्म्याऐवजी आमच्याकडे पासवर्ड होता. आणि तिथेच मला ती गोष्ट उमगली. ते तिसरं मशीन पासवर्ड विचारतच नाही. ते तुम्हाला एक कुलूपबंद डबा पाठवतं. खरा पासवर्ड तुमच्याकडे असेल तर डबा तुमचा तुम्ही उघडाल आणि आतली वस्तू वापराल. नसेल तर बसा डबा घेऊन. सांगायचं काहीच नाही, ऐकून घ्यायलाही काही नाही. मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन चकरा मारल्या. कोणी कधी बसून हा विचार केला असेल? तेही समोरच्यावर जराही अविश्वास न दाखवता, आणि विश्वासही न टाकता. देवळात गाभाऱ्यापाशी गेल्यावर होतं तसं मला झालं होतं. अंकलना सांगितलं तर म्हणाले, "हां, म्हणजे समजलं तुला."

मग आम्ही कामाला लागलो. तिकिटं देणारं नवीन मशीन बसवलं. दारावर आणखी एक मशीन ठेवलं. बाहेरच्या माणसाने फक्त त्याच्याशी बोलायचं, तेही बंद पाकिटातून, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही असं. आतल्या बारा जणांचे पत्तेसुद्धा बाहेर कळायचे नाहीत. प्रत्येक लॅबला आपापलीच कपाटं, आणि रिपोर्ट कोणाच्या हातात द्यायचा तर आधी पेशंटच्या मोबाइलवर कोड जाणार. शुक्रवारी दुपारी सगळं जोडून झालं आणि मी पहिल्यांदा योग्य नाव, योग्य पासवर्ड टाकून माझीच फाइल मागितली.

नकार.

पुन्हा केलं. नकार. दुसऱ्या मशीनवरची मागितली, नकार. पाचव्या मशीनने मात्र दिली. थोड्या वेळाने सर आत डोकावले. "कुलूप लागलंय ना?"

"लागलंय सर. चावीवाल्यालाही आत घेत नाहीये."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी प्रत्येक ओळ तपासली. सोमवारी जमलं नाही तर सर जुनीच लिंक उघडणार हे मला दिसत होतं. तसं ते बोललेही होते, "नाहीतर सध्या पहिलंच चालू करू, मग बघू." आईचा कागद त्या 'मग बघू'वर लटकला होता.

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सकाळची प्रार्थना, आटोपून अंकल थेट कामावर आले, इस्त्रीच्या शर्टात. मी चुकांची यादी वाचत होते. एका ओळीत लिहिलं होतं की तिकिटाची वेळ जुळत नाही. या पद्धतीत तिकिटावर वेळ असते. मशीनच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक असला तर तिकीट खोटं समजतात, म्हणजे जुनं तिकीट चोरून कोणाला वापरता येऊ नये.

"अंकल, मशीनची घड्याळं कोण लावतं?"

"मीच. जुनी मशीन आहेत, आतले सेल उतरलेत. लाइट गेली, बॅटरी पण संपली की घड्याळं मागे जातात. मग मी लावतो. बाहेरच्या नेटवरून वेळ घ्यायचं ह्यांना कधी लावलंच नाही ना."

"कशावरून लावता?"

अंकलनी मनगट पुढे केलं. मी त्यांचं घड्याळ बघितलं, माझा मोबाइल बघितला. घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं.

"अंकल, हे पुढे आहे."

"आहेच. मुद्दाम ठेवलंय. आमच्या घरी सगळी घड्याळं पुढे असतात. मिस्साला उशीर नको म्हणून माझ्या बापाने सुरू केलं."

"म्हणजे ही बारा मशीन..."

"अकरा," अंकल शांतपणे म्हणाले. "पाचवं तू लावलं होतंस, मी रजेवर होतो तेव्हा."

मला हसू आवरेना. अंकल आधी रागावले, मग तेही हसायला लागले. "सहा वर्षं सगळी मशीन मिस्साला वेळेवर जातायत, तुझं काय गेलं!" मग आम्ही नव्या मशीनवरून सगळ्यांची वेळ एक केली, आणि पुढेही त्याच्यावरूनच आपोआप लागेल असं केलं. स्वतःचं मनगटी घड्याळ मात्र अंकलनी तसंच ठेवलं.

दुपारचे बारा वाजले असतील. मी योग्य नावाने फाइल मागितली. उघडली. मग खाली टपरीवर गेले, मोबाइलच्या नेटवर तो जुना पत्ता टाकला, मुख्य युजरचं नाव टाकलं, आईचं नाव टाकलं. स्क्रीनवर एक ओळ आली. परवानगी नाही. कोपऱ्यातल्या मशीनचा पत्ता थेट टाकून बघितला. तिथून तर उत्तरच नाही, जणू ते मशीन जगात नाहीच. टपरीवाल्याने विचारलं, "ताई, चहा देऊ?" मी म्हटलं, दे. तो चहा मी फार सावकाश प्यायले.

सोमवारी फोन सुरू झाले. पहिलाच विरारच्या लॅबमधून. "मॅडम, इथे एक बाई आल्यात, शेजारणीचा रिपोर्ट मागतायत. उघडायला जातो तर सिस्टीम म्हणते पेशंटच्या मोबाइलवर कोड गेलाय. त्या भांडतायत ना माझ्याशी!" मागून त्या बाईंचा आवाज येत होता, "अहो, नाव सांगितलं ना तुम्हाला तिचं! आता काय तिची जन्मकुंडली आणू?"

मला राग नाही आला. ती बाई शेजारणीचं काम करायलाच आली होती. ही पद्धत मोडावी असं मला कधी वाटलं नाही. तिच्याशिवाय चाळ चालणारच नाही. फक्त ज्याचा कागद त्याने हो म्हणायला हवं होतं. त्यासाठीही सोय होती आणि पुढच्या दोन आठवड्यांत ती मी बसवली. पेशंटने आपल्या मोबाइलवरून एका माणसाला, एकाच फाइलचा, एका दिवसाचा पास द्यायचा. दिवस संपला की पास आपोआप मेला.

तो पास पहिल्यांदा वापरला माझ्या आईने. चंदनसारच्या एका घरी मेडिकल सर्टिफिकेट मागितलं होतं, त्यात नव्या डॉक्टरांना छातीवर जुना डाग दिसला. त्यांनी जुने रिपोर्ट मागितले. आईने घरी येऊन डॉक्टरांची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मग मी तिला सगळंच सांगितलं. तिचा कागद आमच्याकडे आहे, महिनाभर तो उघडा होता, आता नाही.

"किती जणांनी बघितला?" तिने विचारलं.

"माहीत नाही आई. जो तो पाहिजे ते नाव सांगून आत येत होता. नोंद आहे ती नावांची, माणसांची नाही."

तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "आणि आता डॉक्टरला दाखवायचं तर?"

मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने एकेक अंक वाचत कोड टाकला. डॉक्टरांचा नंबर टाकला. 'परवानगी द्या' या बटणावर तिचं बोट थांबलं.

"त्या घरातली मॅडम बघेल का?"

"नाही. फक्त डॉक्टर."

"आणि उद्या?"

"उद्या बंद."

तिने बटण दाबलं. डॉक्टरांनी जुना फोटो नव्याशेजारी ठेवून बघितला, डाग बरा झालेल्या जखमेचा आहे असं सांगितलं आणि मेडिकलवर 'कामास योग्य' लिहून दिलं. आईला काय आजार होता हे त्या घरी कोणाला कळलं नाही. आई अजून तिथे स्वयंपाक करते.

आमच्या बारा मशीनवर आज जिल्ह्यातल्या कितीतरी लोकांचे कागद आहेत. नुसतं नाव सांगून त्यातला एकही उघडत नाही. अंकलच्या मदतीने हे काम मी केलं.